कैसराचं नाणं कुणाच्या खिशात?

ख्रिस्ती शास्त्रात एक तेरावा अध्याय आहे. पौलानं रोमच्या मंडळीला धाडलेल्या पत्रातला. जगातल्या झाडून सगळ्या राज्यकर्त्यांना तो आवडतो. मतलब असा की सत्ता देवाकडून येते, सत्तावाल्याच्या हातातली तलवार काही शोभेची नसते, तो देवाचा चाकर असतो, म्हणून मान खाली घाला, कर भरा, मान द्या. पावणेदोन-दोन हजार वर्षं हा अध्याय राजवाड्याच्या बाहेर उभ्या असलेल्यांना वाचून दाखवला जातोय. आतल्यांना वाचून दाखवायची गरज नाही. त्यांचा तो पाठ आहे.

मी ख्रिस्ती नाही. बौद्ध आहे. बिडकीनचा, तालुका पैठण. दहावी पास होऊन मुंबईला आलो, गोदीत ठेकेदाराच्या टोळीत गोणी उचलतो, कविता लिहितो. मग पौलाशी माझं काय घेणंदेणं? आपल्यातले काही शहाणे हाच सवाल टाकतील. त्यांना सांगतो. आमच्या भागात मांगवाड्या-महारवाड्यातली काही घरं आज्या-पणज्याच्या काळात ख्रिस्ती झाली. एका भावाच्या दारावर निळा झेंडा, चुलत्याच्या दारावर क्रूस. मयत झालं की दोन्हीकडचे खांदे एकाच तिरडीला. तेव्हा चर्चमध्ये काय शिकवलं जातं हा माझ्या भावकीचा मामला आहे. भावकीच्या मामल्यात मी बोलणार.

आमच्या भागातल्याच एका चर्चमधली गोष्ट. नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही, सगळीकडं तेच आहे. पोरांनी दफनभूमीच्या जागेसाठी तहसीलवर मोर्चा काढायचं ठरवलं. रविवारी पाळकसाहेबांनी तेरावा अध्याय उघडला. सरकारच्या विरोधात जाणं म्हणजे देवाच्या नेमणुकीच्या विरोधात जाणं, असं समजावून सांगितलं. उपासना सुटल्यावर एक म्हातारी मावशी, जिला सही येत नाही, तिनं विचारलं, "साहेब, मंग पिलातालाबी देवानंच नेमलं व्हतं का?" पाळकसाहेब शिकलेले. त्यांनी योहानाचं वचन काढलं. येशू स्वतःच पिलाताला म्हणाला होता की हा अधिकार तुला वरून मिळालाय. मावशी म्हणाली, "वरून मिळालाय म्हणूनच वर जाब द्यावा लागंल की."

बस्स. सगळी धर्मविद्या इथं आली. मोठमोठ्या विद्यापीठांत जे घासून घासून काढलं गेलं ते मावशीनं चर्चच्या पायरीवर, चप्पल घालता घालता सांगितलं. सत्ता दिलेली असेल तर ती हिशेबानं दिलेली आहे. ज्याला हिशेब मागता येत नाही तो चाकर कसला? तो तर मालक. आणि मालक म्हणवून घेतलं की देवाशीच स्पर्धा.

आपल्याला हा तेरावा अध्याय नवा वाटायचं कारण नाही. आपल्याकडं त्याचा थोरला भाऊ आहे. मनुस्मृतीचा सातवा अध्याय काढून बघा. राजा देवांच्या अंशांपासून घडवलाय, तो पोरगा असला तरी त्याला माणूस समजून हलकं लेखू नये, माणसाच्या रूपातली ती मोठी देवताच आहे, असा तिथला हुकूम. राजाला देव केलं की राजानं राखलेली जात आपोआप देवाची होते. बाबासाहेबांच्या सत्याग्रहात महाडला ते पुस्तक जाळलं तो दिवस २५ डिसेंबर १९२७. नाताळचा दिवस. योगायोग असेल. पण मला तो फार आवडतो. एका गोठ्यातल्या पोराच्या वाढदिवसाला देव-राजाचं पुस्तक जळालं. हेरोद राजा त्या पोराला मारायला निघाला होता म्हणतात, त्याचे आईबाप त्याला घेऊन रातोरात परमुलखात पळाले. जन्मल्या जन्मल्या जो सरकारला नको होता त्याच्या नावानं सरकारची आरती!

आता पौलाबद्दल. मी त्याला सोडून देत नाही, पण त्याच्यावर खोटा आळही घालत नाही. ज्यानं हे पत्र लिहिलं तो माणूस स्वतः किती वेळा तुरुंगात गेला ते त्याच्याच पत्रांत आहे. परंपरा सांगते की शेवटी रोमच्या सरकारनंच त्याला मारलं. देवाच्या चाकरानं! आणि त्या अध्यायातही अट आहे, ती पाळक लोक भराभर वाचून पुढं जातात. सत्ताधारी चाकर आहे तो तुझ्या भल्यासाठी, चांगलं करणाऱ्याला त्याची भीती नसावी, असं तिथं म्हटलंय. मग चांगलं करणाऱ्यालाच जो आत टाकतो, त्याला हा अध्याय लागू आहे का? हा प्रश्न मी काढलेला नाही. जर्मनीत माग्डेबुर्ग शहराच्या पाळकांनी १५५० साली हाच प्रश्न लिहून काढला आणि उत्तर दिलं की असला सत्ताधारी देवाची नेमणूक राहत नाही, त्याला अडवणं हे कर्तव्य. त्याच्या पंचवीस वर्षं आधी, १५२५ साली, लुथरबाबानं मात्र उलटं केलं होतं. शेतकरी उठले तेव्हा त्यानं सरदारांना सांगितलं, चिरडा यांना. हजारो कापले गेले. पोपला नाही म्हणणारा माणूस जमीनदाराला नाही म्हणू शकला नाही. आपल्याकडचे पुरोगामी आठवतात ना?

त्याच पुस्तकात पेत्र न्यायसभेपुढं उभा राहून तोंडावर सांगतो की माणसांचं ऐकण्यापेक्षा देवाचं ऐकणं भाग आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या पाचव्या अध्यायात आहे. आणि अगदी शेवटी प्रकटीकरणाच्या पुस्तकात, बघा गंमत, तिथंही अध्याय तेरावाच, समुद्रातून एक श्वापद वर येतं, त्याला सिंहासन मिळतं, सगळी पृथ्वी त्याच्यापुढं वाकते आणि ज्याच्या अंगावर त्याची खूण नाही त्याला विकत घेता येत नाही की विकता येत नाही. शाही रोमची ती तसबीर आहे, अभ्यासक तसंच सांगतात. म्हणजे दोन तेरावे अध्याय. एकात सरकार चाकर, दुसऱ्यात सरकार जनावर. रविवारी कुठला उघडायचा हे पाळकाच्या चष्म्यावर नाही, त्याच्या पगारावर ठरतं.

आणि ते नाणं. सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट. येशूला अडकवायला विचारतात, कैसराला कर द्यावा का? तो म्हणतो, नाणं दाखवा. कुणाचा छाप आहे? कैसराचा. मग ज्याचा छाप त्याला परत करा, आणि देवाचं आहे ते देवाला. यातून पंडितांनी सिद्धांत काढला की धर्माचं खातं वेगळं, राज्याचं वेगळं, दोघांनी एकमेकांत बोलू नये. मी गोदीतला माणूस, मला दुसरंच दिसतं. नाणं त्याच्याजवळ नव्हतं. ते मागून घ्यावं लागलं. विचारणाऱ्यांच्या कनवटीला ते होतं, देवळाच्या आवारात उभं राहून. झडती येशूनं घेतली, आणि माल सापडला तो धर्ममार्तंडांकडं.

आजच्या चर्चची झडती घ्या. शाळा, कॉलेजं, हॉस्पिटलं, ट्रस्ट, जमिनी. परदेशातून येणाऱ्या देणगीला सरकारचा परवाना. २०२० च्या सप्टेंबरात कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हापासून परदेशी देणगी फक्त दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एका ठरलेल्या शाखेतल्या खात्यातच उतरवायची. २५ डिसेंबर २०२१ ला, पुन्हा नाताळच, मदर तेरेसांच्या संस्थेच्या परवान्याचं नूतनीकरण गृहखात्यानं नाकारलं. दोन आठवड्यांच्या आत परत दिलं. दिलं हे महत्त्वाचं नाही. नाकारता येतं हे सगळ्यांना दिसलं हे महत्त्वाचं. दोरी गळ्यात असली की रोज ओढावी लागत नाही. एकदा ओढून दाखवली की बास.

हे आजचंच नाही. आमच्या मराठवाड्यात त्याचं मूळ बघा. सप्टेंबर १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात. नारायण शेषाद्री नावाचे ब्राह्मण, १८४३ साली मुंबईत ख्रिस्ती झाले, पुढं स्कॉटिश मिशनतर्फे जालन्याला आले. त्यांच्या हातून बाप्तिस्मा घेतला तो मुख्यतः मांगांनी. त्यांच्यासाठी जालन्याजवळ बेथेल नावाचं गाव वसवलं, १८७० च्या सुमाराला, आणि जमीन दिली निजामाच्या दरबारानं, सालारजंगाच्या दिवाणगिरीत. मी या गोष्टीला नाक मुरडणार नाही. मांगाला पायाखाली जमीन कुणी दिली होती? पाटलानं? देशमुखानं? एकनाथांच्या पैठणनं? वेशीबाहेर पिढ्या काढलेल्या माणसाला स्वतःची विहीर मिळणं म्हणजे काय असतं ते ज्याला विहिरीवरून हाकललं गेलंय त्यालाच कळेल. पण दरबारी जमिनीवर उभ्या राहिलेल्या व्यासपीठावरून दरबाराविरुद्ध प्रवचन होत नसतं, हेही तेवढंच खरं. भाकरी खरी होती नि लगामही खरा होता. दोन्ही एकाच हातातून आले. आपल्याला या दोन गोष्टी एकदम डोक्यात धरता आल्या पाहिजेत, नाहीतर आपणही हिंदुत्ववाल्यांसारखं "तांदळासाठी बाटले" असलं गलिच्छ बोलू लागू.

आता थोडं लांब जातो, जर्मनीत. कारण तिथं एक गोष्ट घडली ती आपल्या हाडाला लागणारी आहे. १९३३ साली हिटलर आला. एप्रिलात कायदा निघाला की ज्यू रक्ताचा माणूस सरकारी नोकरीत नको. सप्टेंबरात प्रशियाच्या प्रोटेस्टंट चर्चनं तोच नियम स्वतःच्या पाळकांना लावला. बाप्तिस्मा घेतलेला ज्यू, चर्चमध्ये उभा राहून उपदेश करणारा ज्यू, तो ज्यूच. पाणी डोक्यावर पडलं तरी रक्त बदलत नाही. ओळखीचं वाटतं का? वाटणारच. ख्रिस्ती झालेला महार तो महारच, हे आपल्याकडं कुठल्या हिटलरनं शिकवावं लागलं नाही.

मग तिथले काही पाळक बार्मेनला जमले, मे १९३४. कार्ल बार्थ हा त्यांचा मोठा विद्वान. त्यांनी जाहीर केलं की चर्चचा धनी एकच, येशू. राज्यानं माणसाच्या सगळ्या जगण्याचा मालक होऊ नये. हिटलरच्या छाताडावर उभं राहून हे म्हणणं ही लहान गोष्ट नाही. पण ते सगळं जाहीरनाम्याचं पान उलटंपालटं करून बघा. त्यात ज्यू हा शब्द नाही. एकदाही नाही. चर्चच्या स्वातंत्र्यासाठी लढले, ज्याच्या मानेवर सुरी होती त्याचं नाव घ्यायचं राहिलं. बोनहोफर नावाचा सत्तावीस वर्षांचा पोरगा, माझ्याच वयाचा, त्यानं एप्रिल १९३३ लाच लिहून ठेवलं होतं की चाकाखाली चिरडलेल्यांना पट्ट्या बांधणं पुरेसं नाही, वेळ आली तर चाकच अडवावं लागतं. ९ एप्रिल १९४५ ला त्याला फासावर दिलं. आज त्याचे पुतळे आहेत, त्याच्या नावानं व्याख्यानं होतात. मेलेला बंडखोर चर्चला परवडतो. लांबच्या देशातला असेल तर जास्तच.

हे मी का सांगतोय? कारण आपल्या प्रजासत्ताकाच्या पहिल्याच वर्षी, १० ऑगस्ट १९५० ला, राष्ट्रपतींचा एक आदेश निघाला. अनुसूचित जातीचा माणूस म्हणजे हिंदू. दुसरा धर्म मानणारा त्यात नाही. १९५६ साली शिखांना आत घेतलं, १९९० साली आपल्याला, बौद्धांना. ख्रिस्ती दलित अजून बाहेर. रंगनाथ मिश्र आयोगानं २००७ साली सांगितलं की धर्माची अट काढा. २०२२ साली बालकृष्णन आयोग नेमला. आयोगामागून आयोग. गावात तो मांग, दफ्तरात तो "इतर". अत्याचार त्याच्यावर जातीनं होतो, आणि संरक्षण मागायला गेला की धर्म विचारतात. राज्य इथं माणसाच्या प्रार्थनेची किंमत ठरवून बसलंय: एवढी प्रार्थना केलीस, एवढी सवलत गेली. चर्च आणि राज्य वेगळे म्हणणाऱ्या पंडितांनी जरा इकडं बघावं. कैसर देवळात येऊन हजेरीपट घेऊन बसलाय.

आणि आपण? १९९० ला आपलं काम झालं. त्यांच्यासाठी आपल्या झेंड्याखाली किती मोर्चे निघाले? मोजा. बोटं उरतील.

आणीबाणी आली जून १९७५ ला. तेव्हाही चर्चची परीक्षा झाली. केरळच्या मार थोमा चर्चचे प्रमुख युहानोन मार थोमा यांनी थेट पंतप्रधानांना पत्र लिहून विरोध कळवला. बंगळुरूचे एम. एम. थॉमस, जगभरच्या चर्चेसच्या परिषदेत मोठ्या पदावर बसलेला माणूस, आणीबाणीभर विरोधात लिहीत राहिले. ते लेखन पुढं १९७९ ला पुस्तकरूपानं आलं. या दोघांची नावं ठळक दिसतात याचं कारण साधं आहे, आजूबाजूला अंधार होता.

पण थांबा. चर्चवर दगड मारताना आपली काच बघू. त्याच आणीबाणीत, १९७६ साली, आपल्या सगळ्यांचा बाप कवी नामदेव ढसाळ यानं इंदिरा गांधींवर 'प्रियदर्शिनी' लिहिली. ज्यानं भाषेची आई-बहीण एक केली, ज्याचे शब्द वाचून माझ्यासारख्या बिडकीनच्या पोराला कळलं की आपल्या शिवीलाही छंद असतो, त्यानं! मी नामदेवदादाला मानतो. मानतो म्हणूनच म्हणतो, तो आपला तेरावा अध्याय होता. आणि पँथरमधून आलेले रामदास आठवले २०१६ साली केंद्रात राज्यमंत्री झाले, खातं सामाजिक न्यायाचं. तिथं बसून कविताही करतात. यमक जुळतं.

म्हणजे सत्तेपुढं वाकायला बायबलच लागतं असं नाही. संविधानाची प्रत हातात घेऊनही वाकता येतं. बाबासाहेबांच्या पुतळ्याला हार घालताना तर नीटच वाकता येतं.

आता स्टॅन स्वामी.

तिरुचिरापल्ली जिल्ह्यातला माणूस, जन्म १९३७. येशूसंघाचा धर्मगुरू, जेझुईट. आयुष्य काढलं झारखंडच्या आदिवासींत. जमीन का गेली, ग्रामसभेला का विचारलं नाही, नक्षलवादी म्हणून जेलात कोंबलेल्या आदिवासी पोरांचे खटले का चालत नाहीत, असले प्रश्न. शेवटच्या प्रश्नावर तर हायकोर्टात गेला. त्यांनी भीमा कोरेगावच्या खटल्यात त्याला गोवलं. ३१ डिसेंबर २०१७ ला शनिवारवाड्यावर एल्गार परिषद झाली, १ जानेवारी २०१८ ला भीमा कोरेगावला आपल्या लोकांवर हल्ला झाला. जे मार खाल्ले ते आपण. त्यानंतर आत गेले कवी, वकील, प्राध्यापक. 'विद्रोही'चे संपादक सुधीर ढवळे जून २०१८ ला आत. बाबासाहेबांचे नातजावई आनंद तेलतुंबडे १४ एप्रिल २०२० ला, भीमजयंतीच्या दिवशी, हजर झाले. आणि ८ ऑक्टोबर २०२० ला रांचीहून उचलला हा ८३ वर्षांचा म्हातारा, जो सांगत होता की मी भीमा कोरेगावला कधी गेलोच नाही. यूएपीए लावला. तळोजा जेल.

पार्किन्सनचा आजार. हात कापतो, पेला धरवत नाही. ६ नोव्हेंबरला त्यानं कोर्टात अर्ज केला की पाणी प्यायला नळी आणि झाकणाचा पेला द्या, अटकेच्या वेळी घेतलेला परत करा. एनआयएला उत्तर द्यायला वीस दिवस. २६ नोव्हेंबरला, संविधान दिनाला, उत्तर आलं की आमच्याकडं नळी नाही. मी दिवसाला किती गोण्या उचलतो ते माझ्या पाठीला विचारा, पण या एका नळीचं ओझं मला उचलत नाही. महाडला तळं होतं, तळोजाला पेला. पाणी प्यायला परवानगी मागणाऱ्या माणसाच्या बाजूनं जो उभा राहत नाही, त्यानं चवदार तळ्याचं नाव घेऊ नये.

२२ मार्च २०२१ ला जामीन नाकारला. मे महिन्यात हायकोर्टापुढं पडद्यावर दिसला, सांगितलं की जेलात आलो तेव्हा स्वतःच्या हातानं खात होतो, चालत होतो, आता नाही. २८ मेला कोर्टानं वांद्र्याच्या होली फॅमिली हॉस्पिटलात हलवायला परवानगी दिली. तिथं करोना निघाला. ५ जुलैला हायकोर्टात त्याचा जामीन पुकारला तेव्हा डॉक्टरांनी येऊन कोर्टाला सांगितलं की तो दुपारीच गेला. आरोपी म्हणून मेला. दोषी ठरला नाही, निर्दोषही ठरला नाही. डिसेंबर २०२२ ला अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या तपासणी करणाऱ्या कंपनीनं अहवाल दिला की त्याच्या कॉम्प्युटरमध्ये बाहेरून कागद घुसवले होते. ऐकायला तो नव्हता.

चर्चनं काय केलं? खोटं बोलणार नाही. त्याच्या संघातले फादर फ्रेझर मस्कारेन्हस शेवटपर्यंत धावत होते. हॉस्पिटल चर्चचं होतं. १९ जानेवारी २०२१ ला तीन कार्डिनल पंतप्रधानांना भेटले, स्टॅनचा विषय त्यांनी काढला. काढला! मोशे फारोपुढं गेला तेव्हा त्यानं विषय काढला नव्हता, माणसं सोड म्हणून सांगितलं होतं. कार्डिनलांच्या अंगावर लाल झगा असतो. तो रंग रक्ताचा, धर्मासाठी रक्त सांडायची तयारी म्हणून घालतात म्हणे. झगा धुतलेला होता.

आणि ऑगस्ट २०२५. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात, जे कॉलेज स्टॅनच्याच येशूसंघाचं, तिथं स्टॅन स्वामी स्मृती व्याख्यान होतं. विद्यार्थी परिषदेनं, अभाविपनं, हरकत घेतली. व्याख्यान रद्द. पोलीस आले नाहीत, कोर्टाचा हुकूम नाही, परवाना काढून घेतला नाही. एक पत्र गेलं आणि ज्या संघानं हा माणूस घडवला त्याच्याच घरात त्याचं नाव घेणं लांबणीवर पडलं. व्याख्यानाचा विषय काय होता? पोटासाठीचं स्थलांतर. मी स्वतः पोटासाठी स्थलांतर केलेला माणूस, त्या कॉलेजपासून गोदी लांब नाही, बोलावलं असतं तर पाळी बुडवून गेलो असतो. दक्षिण आफ्रिकेत १९८५ साली काळ्या पाळकांनी कैरोस नावाचा जाहीरनामा काढला होता. त्यात ते म्हणाले, एक राज्याची धर्मविद्या, जी वर्णभेदाला देवाचा शिक्का मारते. दुसरी चर्चची धर्मविद्या, जी दोन्ही बाजूंनी शांत राहा, समेट करा म्हणते. तिसरी संदेष्ट्यांची, जी जुलमाला जुलूम म्हणते. झेवियर्समध्ये जे झालं ते दुसऱ्या नंबरचं. ही दुसरी जास्त घातक. पहिलीचा चेहरा दिसतो, दुसरी हसतमुख असते.

चर्च असं का वागतं? पैसा हे एक कारण झालं. दुसरं जात. तिरुचिरापल्लीच्याच कॅथलिक दफनभूमीत दलितांची थडगी वेगळी ठेवणारी भिंत आहे. मेल्यावरसुद्धा! स्टॅनच्या जिल्ह्यातली गोष्ट. कॅथलिक बिशपांनी स्वतः २०१६ साली दलितांविषयीच्या धोरणात कबूल केलं की आमच्यात भेदभाव आहे. भारतातला पहिला दलित कार्डिनल, हैदराबादचे अँथनी पूला, व्हायला २०२२ उजाडलं. बाकावर आपली माणसं, वेदीवर दुसरी. ज्यांना या व्यवस्थेत काहीतरी गमवायचंय ते वर, आणि ज्यांनी सगळं गमावलंय ते खाली. मग वरून तेराव्या अध्यायाशिवाय दुसरं काय येणार?

बाबासाहेबांनी हे केव्हाच बघितलं होतं. १ जानेवारी १९३८ ला सोलापुरात ख्रिस्ती लोकांपुढं ते बोलले. येशूबद्दल आदरानं बोलले, बुद्धाच्या जोडीनं त्याचं नाव घेतलं, आणि मग दक्षिणेतल्या चर्चमधली जात आणि ख्रिस्ती समाजाचं राजकारणापासून अंग चोरणं तोंडावर मांडलं. पाहुणा म्हणून गेले आणि यजमानांना सुनावून आले. पाळकसाहेबांनी तो सोलापूरचा दिवस आपल्या मंडळीला सांगावा. नाही सांगणार.

पण एक माणूस होता. अरविंद निर्मळ. मराठी, दलित, ख्रिस्ती, चर्चचा पाळक आणि धर्मविद्येचा मास्तर. १९८१ साली बंगळुरूच्या धर्मविद्यालयात उभा राहिला आणि म्हणाला की या देशातली ख्रिस्ती धर्मविद्या ब्राह्मणी चष्म्यातून लिहिली गेली, तो चष्मा फेका. पुढं त्यानं मांडलं की दलिताचा देव हा सिंहासनावरचा देव नाही, तो सेवा करणारा, राबणारा देव, स्वतःच दलित. आता या देवाला घेऊन तेरावा अध्याय वाचा बरं! राबणाऱ्या देवाचा चाकर म्हणवणारं सरकार राबणाऱ्यालाच कसं चिरडेल? अध्यायच उलटा फिरतो. पँथरच्या वाऱ्यानं जी खिडकी इकडं उघडली तीच त्यानं तिकडं उघडली. आपल्या मासिकांनी त्याच्यावर किती लिहिलं? चर्चनं त्याला पुस्तकात ठेवलं, आपण तर तेवढंही नाही.

जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या दोन्ही सभागृहांत जनसुरक्षा विधेयक मंजूर झालं. संघटना बेकायदेशीर ठरवायचा अधिकार सरकारला. विरोधात मोर्चे निघाले, मी एकात होतो. निळे झेंडे होते, लाल होते. क्रूस दिसला नाही. पण मी कुणाला विचारलंही नव्हतं की या म्हणून, आणि आपल्यातल्या कुणी विचारल्याचं मी ऐकलं नाही. आपला प्रश्न नि त्यांचा प्रश्न अशी भिंत घालायला आपल्यालाही येतं, तिरुचिरापल्लीलाच जावं लागत नाही.

बिडकीनला आता मोठं औद्योगिक क्षेत्र झालंय. ७,८५५ एकर. २९ सप्टेंबर २०२४ ला पंतप्रधानांनी त्याचं लोकार्पण केलं. पैठण रस्त्यानं आता रात्री दिवे दिसतात. ज्या गेटवर ठेक्याच्या कामासाठी आमच्या वाड्यातली बौद्ध पोरं उभी राहतात तिथंच ख्रिस्ती मांगांची पोरं उभी राहतात. गेटवरचा माणूस दोघांनाही एकाच शिवीनं हाक मारतो. त्याला १९५० चा आदेश माहीत नाही.

तर मुंबईत रद्द झालेलं ते व्याख्यान आम्ही बिडकीनला करायचं ठरवलंय. येत्या ५ जुलैला, संध्याकाळी, समाजमंदिराच्या ओट्यावर. वक्ता मोठा कुणी नाही. विषय तोच, पोटासाठीचं स्थलांतर. दोन गोदीतले, एक ऊसतोडीवर जाणारी बाई आणि पाळकसाहेबांना शिकवणारी ती मावशी बोलणार आहे. पाळकसाहेबांना चिठ्ठी दिलीय. बघतो म्हणालेत. मुंबईहून येणाऱ्यांनी आदल्या रात्रीची गाडी पकडावी, जेवण आमच्याकडं. पिण्याच्या पाण्याला पेले कमी आहेत, येताना आपापला आणावा.